बर्मा स्टारच्या पाठीवरचं नाव

९ ऑक्टोबर २००७, मंगळवार

सासरेबुवा आले! बॅगेत सहा किलो भाजणी, मेतकूट, आणि एका लोकरी मोज्यात गुंडाळलेली चार पदकं. "नारिताला कस्टमवाल्याने विचारलं असतं तर सॅल्यूटच ठोकला असता," म्हणाले. पदकं त्यांच्या वडिलांची, चंद्रशेखर तात्यांची. तात्या इंग्रजांच्या वेळी रॉयल इंडियन नेव्हीत लेफ्टनंट. लढाईत ब्रह्मदेशचा किनारा, मग सेहेचाळीस साली इथे जपानात, कुरे बंदरात. एकवीसला इथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याला बाबांचं त्यावर भाषण आहे. पदकं फ्रेम करून टेबलावर मांडायची. आता सून फ्रेमच्याच दुकानात बाइतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, करते म्हटल्यावर काय, काम माझ्याच गळ्यात!

११ ऑक्टोबर

उद्या घट बसणार. देवाची भांडी पितांबरीने घासायला घेतली, त्याच हाताने पदकांच्या फिती काढून तीही घासली. काळी ठिक्कर होती बिचारी. चारांतले दोन तारे, त्यातला एक ब्रह्मदेशच्या लढाईचा बर्मा स्टार, कसे लख्ख निघाले! पितळ दिसलं की घासायचं, ही आमच्या आईची शिकवण.

१२ ऑक्टोबर

फजिती!! दुकानाच्या मालकीण ओकुबो-सान बहात्तर वर्षांच्या. इचिकावातल्या निम्म्या निवृत्त हेडमास्तरांची आणि अग्निशमनवाल्यांची सन्मानपदकं त्यांनीच फ्रेम केलेली. माझे चकचकीत तारे बघून तोंडावर हात गेला त्यांचा. "यामिनी-सान, साठ वर्षांत चढलेला रंग एका दिवसात काढलात?" मी तीनदा वाकले. मग त्यांनी भिंग घेतलं. बर्मा स्टारच्या पाठीवर, मळ निघालेल्या जागी, बारीक इंग्रजी अक्षरं. दुसऱ्या ताऱ्यावरही तीच. "खालच्या पट्टीवर हेच नाव घालायचं ना?"

लेफ्टनंट प्रताप गुप्ते.

कोण हा? आम्ही तर साठे!

ओकुबो-सान म्हणाल्या, पदकावर एक नाव नि पट्टीवर दुसरं, असली फ्रेम त्यांच्या दुकानातून आजवर गेलेली नाही.

१३ ऑक्टोबर

बाबांना नाही सांगितलं. धीर होत नाही.

१४ ऑक्टोबर

नवऱ्याला, पार्थला, सांगितलं. म्हणाला, "भाषण होऊन जाऊ दे, मग सांग." आधी रिलीज, मग बग — यांच्या प्रोजेक्टची रीत घरातही!

१६ ऑक्टोबर

बाबांची रंगीत तालीम. श्रोते दोन — मी आणि लेक नुपूर. दर दोन मिनिटांनी नुपूर जपानीत "सुगोई!", म्हणजे भारीच, म्हणते, की बाबांचा आवाज आणखी चढतो. शेवटी बर्मा स्टार हातात घेऊन म्हणाले, "माझा बाप कधी खोटं बोलला नाही. हा तारा त्याची साक्ष." आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. सगळं सांगितलं.

चष्मा चढवून दोन्ही ताऱ्यांवरची अक्षरं वाचली. मग हळूच म्हणाले, "तात्या गेल्यावर त्यांच्याच कपाटात मिळाली मला. म्हणजे चोरबाजारातून आणलेली की काय? युद्धावर तरी गेले होते ना गं ते?"

सत्तरी उलटलेल्या माणसाने हे सुनेला विचारावं! रडूच आलं मला.

१७ ऑक्टोबर

बाबा फिरायला गेले नाहीत. थालीपीठ अर्धं ताटातच. भाषण रद्द कळवा म्हणाले. मी कळवलेलं नाही. मीही हट्टी आहे.

१८ ऑक्टोबर

सुटलं!

पुण्याला लीलावतीआत्यांना फोन लावला. तात्यांची धाकटी बहीण. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, लग्न केलं नाही; एकटा जीव सदाशिव. नाव सांगितलं, तर आधी "कोणी सांगितलं तुला हे नाव?" विचारलं. मग म्हणाल्या, "प्रताप दादाच्याच जहाजावर होता. पंचेचाळीस साली ब्रह्मदेशात, आराकानच्या लढाईत मारला गेला. लढाई संपल्यावर त्याची पदकं माझ्याकडे आली. मीच दादाकडे ठेवायला दिली. नाव दादाने कोरून घेतलं."

"आणि तात्यांची स्वतःची?" बाबा स्पीकरवर ओरडलेच.

"त्याने मागितलीच नाहीत. अर्ज करावा लागायचा ना. मी जिवंत परत आलो, तेवढं पुरे, म्हणायचा. तू कपाट उघडलंस नि स्वतःच ठरवलंस, मोरू. विचारायचं तरी!"

बाबा माझ्याकडे वळले. "ऐकलंस? मागितलीच नाहीत!" छाती अशी फुगली की चार पदकं कमी पडली असती. तीन थालीपिठं खाल्ली. वर दही.

२१ ऑक्टोबर, दसरा

पंधरा मिनिटांचं भाषण पन्नास मिनिटं! मटकीची उसळ गार झाली. पण एक माणूस उठला नाही. पदक मिळालेल्या मित्राची आणि न मागणाऱ्या मित्राची गोष्ट सांगितली बाबांनी. टाळ्या! पदकं नुसत्या मखमलीवर मांडली होती, पट्टीचा मजकूर ठरायचाय म्हणून. सोनं वाटायचं मात्र तसंच राहून गेलं.

२३ ऑक्टोबर

फ्रेम आत्यांकडेच पाठवायची, असं बाबांनी ठरवलं. ओकुबो-साननी मजकूर नीट लिहून घेतला आणि पेन्सिल थांबली. "मेलेल्याची पदकं घरच्या माणसालाच देतात ना? मग तुमच्या आत्यांकडे कशी आली?"

खरंच की! आम्हा शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर

आत्यांना फोन केला. पट्टीवर प्रतापराव तुमचे कोण म्हणून लिहू, विचारलं.

"यजमान लिही," म्हणाल्या. "चव्वेचाळीस साली रजिस्टर लग्न केलं होतं. कुणी विचारलंच नाही गं."