योद्ध्याचे डोळे

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

झाले एकदाचे! दोन्ही डोळे आखून झाले. पाठ मोडून आलीय, पण हात एकदाही हलला नाही.

योद्धा म्हणजे आमच्या इथल्या जर्मन वर्कशॉपमधली प्लास्टरची नक्कल. मूळ संगमरवरी – एका ग्रीक देवळाच्या माथ्यावरच्या त्रिकोणातला, अगदी कोपऱ्यात मरत पडलेला. अडीच हजार वर्षांपूर्वी ही मंडळी आपल्यासारखीच देवळं भडक रंगवायची. निळं, शेंदरी, पिवळं! पांढरी झाली ती ऊनपावसाने. ते रंग पुन्हा चढवून मूर्ती प्रदर्शनात मांडायच्या, हे माझं काम. याची पाठसुद्धा नीट कोरलेली आहे. भिंतीकडे असायची, दिसणार कुणालाच नव्हती. वडिलांना, अण्णांना, सांगितलं तर म्हणतील, देवाला दिसते ना!

४ नोव्हेंबर

तो बघतोय. स्टुलावरून उठले, खिडकीशी गेले – तिथेही बघतोय.

उत्कर्षला सांगितलं. "अगं, तूच काढलेस ना डोळे? मग बघणारच!" नवरा आयटीतला. सगळ्याचं उत्तर तयार.

५ नोव्हेंबर

आमच्या वर्कशॉपच्या प्रमुख फ्राऊ लिंडनर आल्या. त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या. मग म्हणाल्या, "आल्झो... म्हणजे, हा मला माफ का करतोय?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं! तिरपा उजेड टाकला की मूळ दगडावर बुबुळाची पुसट कड दिसते. तिच्याप्रमाणे नजर सरळ हवी, कुठेच न बघणारी. आणि मी काय केलं? बुबुळ खाली घेतलं, वरची पापणी जराशी उतरवली. पेणच्या गणपतीची नजर! पायाशी बसलेल्याकडे मायेने बघणारी. अण्णांच्या गणपतीच्या कारखान्यात लहानपणी बघून बघून हातात मुरलेली, ती हाताने परस्पर उमटवली. मरणारा योद्धा, आणि डोळ्यांत 'बाळा, जेवलास का?'

"पुसून पुन्हा कर. पुढच्या शुक्रवारपर्यंत."

गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणाले मी. तोंडाने.

७ नोव्हेंबर

दादाचा, मयुरेशचा, फोन. अण्णांची बायपास सतरा तारखेला, पनवेलला. "तू आत्ता धावू नको. घरी आणल्यावर ये, तेव्हा खरी गरज लागेल."

मी डोळे पुसणार नाही. काय व्हायचं ते होवो.

८ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. कुणाला सांगितलेलं नाही, उत्कर्षलाही नाही.

अकरा वर्षांची होते. आई दवाखान्यात, कावीळ झालेली. अण्णा तिच्याजवळ. मी एकटी कारखान्यात शिरले, हातभर उंचीची एक मूर्ती खाली घेतली आणि डोळे आखले. देवाने लवकर डोळे उघडून आईकडे बघावं, एवढंच डोक्यात. उजवा छान आला. डावा तिरळा! घाबरले. ओल्या फडक्याने पुसून टाकला. तेवढ्यात अण्णा दारात. दोन रात्री झोपले नव्हते, डोळे लाल. म्हणाले, "आखलेला डोळा पुसतात का गं? बघायला लागलेला देव आंधळा केलास!"

तिसऱ्या दिवशी आई गेली.

त्यानंतर मी कारखान्यात पाऊल टाकलं नाही. अण्णांनीही कधी बोलावलं नाही. का बोलावतील?

मला कळतं सगळं. प्लास्टर आहे. तो देवही नाही, लढाईत मेलेला कुणीतरी आहे. एम.ए. झालेय, डॉक्टरेट करतेय. पण पुसला आणि सोमवारी अण्णा ऑपरेशनच्या टेबलावरून उठलेच नाहीत तर?

११ नोव्हेंबर

चादर टाकली त्याच्यावर. काही उपयोग नाही.

१२ नोव्हेंबर

एस-बान लोकलमध्ये समोर एक म्हातारी. तिने मान खाली घालून माझ्याकडे पाहिलं – तीच नजर! एक स्टेशन आधीच उतरले. पावसात चालत घरी. उत्कर्ष म्हणाला, तुला ताप आहे का? नाही म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तीनदा कापूस ओला केला. तीनदा फेकला.

फ्राऊ लिंडनरना सांगणार काय? यांच्या फॉर्म्युलारमध्ये असल्या भीतीसाठी रकाना नाही. सोमवारपर्यंत मुदत द्या म्हटलं. त्यांनी दिली, पण तोंड वाकडं करून. "सोमवारी सकाळी झालं नाही तर तुझ्या शेजारच्या टेबलावरचा फेलिक्स पुसेल. आणि मग पुढच्या मूर्तीचं काम कुणाकडे द्यायचं ते बघावं लागेल."

फेलिक्सने पुसले तरी डोळे मी आखलेलेच ना! सुटका कुठे आहे?

१५ नोव्हेंबर

झोप नाही. अण्णांना फोन करायला घेतला, ठेवला. ऑपरेशनच्या तोंडावर हे विचारायचं? आणि नंतर विचारता आलंच नाही तर?

१६ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. सगळं एका दमात सांगितलं.

"मी असं म्हणालो?" अण्णा म्हणाले. "छे! अगं, दिवसाला चार डोळे पुसायचो मी. एकदा कापूस फिरवला की झालं. त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही गं, मिनू." मागे हॉस्पिटलात कुणीतरी भांडी वाजवत होतं. "तू यायची बंद झालीस... मला वाटलं, आईला वेळेवर मुंबईला हलवलं नाही म्हणून माझ्यावर राग धरलास. कुठल्या तोंडाने बोलावणार होतो तुला?"

बावीस वर्षं! मी रडत सुटले. तेही.

मग नाक ओढून म्हणाले, "बरं, पुसून झाल्यावर तो तुझा योद्धा नक्की बघणार कुठे, ते सांग मला नीट."