टफी मजेत आहे

मंगळवार, ८ जुलै. पिंबा

शॉनचा मेसेज आला! टफीने काल सशामागे धाव घेतली आणि तोंडावर आपटला म्हणे. रात्री शॉनच्या पायाशी झोपतो. नेव्हने चष्मा लावून वाचून दाखवला, मी दोनदा वाचायला लावला. शॉन नेव्हचा पुतण्या, निघायच्या आधी नेव्हच टफीला त्याच्याकडे सोडून आला; त्याचं शेत म्हणजे कुत्र्याला स्वर्गच, हे कळतं मला. तरी शॉनच्या पायाशी झोपतो हे ऐकून जरा हेवाच वाटला. मला विसरला की काय? नॅशनल पार्कमध्ये कुत्री नेऊ देत नाहीत, नाहीतर मी त्याला सोडून आले असते होय!

बाहेर जुलैची हाडं गोठवणारी थंडी. नेव्हने गरम पाण्याची पिशवी माझ्या पायाशी सरकवली. चांगला नवरा आहे तसा.

बुधवार, ९ जुलै. ग्लेनडॅम्बोच्या पुढे, रस्त्याकडेला

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

सकाळ किती छान होती. आमच्याबरोबर दुसऱ्या व्हॅनने निघालेली ग्लेनिस म्हणाली, आज पुरुष एका व्हॅनमध्ये, बायका दुसरीत – नवऱ्याचं, क्लिफचं घोरणं आणि बोलणं दोन्हींना कंटाळलेय. म्हणून क्लिफ आमच्या व्हॅनमध्ये नेव्हजवळ बसला, मी ग्लेनिसच्या. ते मागे, आम्ही पुढे. मिठाचं सरोवर लागलं, पांढरंफट्ट, डोळे मिटावे लागले. मग नुसती लाल माती आणि खुरटी झुडपं. मेलेल्या कांगारूवर दोन गरुड बसलेले, आम्ही अगदी जवळ गेलो तेव्हा कुठे उडाले. तीन-तीन डबे ओढणारे ट्रक शेजारून गेले की आमची व्हॅन थरथरायची आणि ग्लेनिस ड्रायव्हरला मनसोक्त शिव्या घालायची. मी हसत होते. इतकी हसत होते.

मध्येच व्हॅनमधल्या वॉकीटॉकीसारख्या रेडिओवर नेव्हचा आवाज आला. "...क्लिफ, नरेलला यातलं काही..." एवढंच. ग्लेनिसने खटकन रेडिओ बंद केला. म्हणाली, पुरुषांच्या गप्पा कोण ऐकणार, आणि एकदम तिच्या सुनेच्या केकबद्दल बोलायला लागली. मला वाटलं, माझ्या वाढदिवसाचं काहीतरी शिजतंय. मूर्ख मी!

रोडहाउसमध्ये चहा घ्यायला आत गेले. काउंटरवरची बाई खिडकीतून आमच्या व्हॅनकडे बघत होती. मागे मोठ्या अक्षरांत रंगवलंय ना – "नेव्ह आणि नरेल, चॅनल ४०". सगळेच रंगवतात, वाटेत कोणाला रेडिओवर बोलायचं असलं तर. तिने माझा हात धरला.

"तूच नरेल ना गं? कुत्र्याचं ऐकून फार वाईट वाटलं बघ."

मला वाटलं, शॉनचा फोन आला, काहीतरी झालं. विचारलं, कधी गेला? ती गोंधळली. मागच्या टेबलावरचा दाढीवाला ट्रक ड्रायव्हर खुर्चीतून अर्धा उठला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या नवऱ्याच्या रेडिओचा माईक दाबला गेला होता. ते सांगत होते की निघायच्या आधीच... आम्हाला वाटलं, तुम्हीपण ऐकलं असेल."

निघायच्या आधीच.

चॅनल ४० वर झाडून सगळे ट्रक असतात. म्हणजे त्या रस्त्यावरच्या एकूण एक माणसाला कळलं. मी सोडून. आणि ग्लेनिस – तिने ऐकलं आणि मला केकची गोष्ट सांगितली!

नेव्ह बाहेर डिझेल भरत होता. माईक मांडीखाली घेऊन बसला होता गाढव. मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी एवढंच विचारलं, टफी कुठाय?

"गाठ होती गं त्याच्या पोटात. थोडेच दिवस उरले होते, म्हणून इंजेक्शन देऊन झोपवलं त्याला. तुला सांगितलं असतं तर तू घराबाहेर पाऊल टाकलं नसतंस."

"आणि शॉनचे मेसेज?"

"ते मीच... तू किती खूश व्हायचीस, नरेल."

कालचा ससासुद्धा. त्याने बसून ससा रचला! मी दोनदा वाचायला लावला आणि त्याने दोनदा वाचला.

गुरुवार, १० जुलै

त्याने अंडी उकडली. मी खाल्ली नाहीत.

गुरुवार, संध्याकाळ. कूबर पीडी

ग्लेनिस बाहेर घुटमळत होती, मी दार उघडलं नाही. नेव्ह मात्र रडला. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस आई गेली तेव्हाच काय तो रडला होता. सांगत होता, मी शेवटपर्यंत टफीचं डोकं मांडीवर धरलं होतं, कानामागे खाजवत होतो, त्याला काही कळलंसुद्धा नाही. रोज सांगायचं ठरवायचो, तू मेसेजची वाट बघायचीस, मग हिंमत व्हायची नाही.

राग आहेच. फसवलं ते फसवलं. पण एकट्याने उरावर ओझं वागवलं ना त्याने? मी तिथे असते तर मला ते डोकं धरवलं असतं का? नसतं. मी त्याला सूप दिलं. तो "थँक्यू" म्हणाला, एखाद्या परक्यासारखा.

शुक्रवार, ११ जुलै

आज त्याच्याशेजारी बसून चहा घेतला. पुढे पार्कात जायचं का, हे मी ठरवायचं म्हणाला. बहुतेक जाऊ. उद्या गावाकडच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन करते. टफीला कुठे पुरलं ते विचारायचंय, आणि त्याचा पट्टा ठेवला असेल तर हवाय. आभारही मानायला हवेत.

शनिवार, १२ जुलै

फोनवर तिथली नर्स होती. पट्टा म्हणताच तिने माझं नाव पुन्हा विचारलं. मग म्हणाली, पट्टा टफीच्याच गळ्यात आहे. गाठ नव्हतीच. धडधाकट कुत्र्याला इंजेक्शन द्यायला डॉक्टर तयार झाले नाहीत, तिने त्याला घरी नेलं. नेव्हला फोन केले, त्याने उचलले नाहीत. तो दवाखान्याच्या आत आलाच नव्हता. दारातच दोरी तिच्या हातात दिली, कुत्र्यामुळे कुठे जाता येत नाही म्हणाला, गाडीचं इंजिन चालूच होतं.

नेव्हला क्लिफच्या व्हॅनमधून जिकडे जायचं तिकडे जाऊ दे. त्याची बॅग त्यांच्या दाराशी ठेवली. मी दक्षिणेला, गावाकडे निघाले. शेजारच्या सीटवर जुनी चादर अंथरलीय, टफीला काचेवर नाक टेकवून बसायला आवडतं.