तुमचा जर्मनचा पेला

बाबा, काल भंडाऱ्यात पितळेच्या कारखान्यांतल्या कामगारांपुढे बोललो. आता दहा मिनिटं उभ्याने बोललं की थकतो. आवाज तेवढा शिल्लक आहे. नागपूरहून एक डॉक्टरबाई आल्या होत्या. फुप्फुसाचा जुना आजार ओळखायची नवी तपासणी त्या समजावत होत्या. अजून अभ्यासापुरतीच आहे. डोळ्यांना दिसणारही नाहीत असे बारीक कण हवेबरोबर आत ओढायचे, श्वास थोडा रोखायचा, मग सोडायचा. परत किती कण आले ते यंत्र मोजतं. धडधाकट फुप्फुस बरेच कण धरून ठेवतं. आतून झिजून पोकळ झालेलं जास्त परत सोडतं. तेवढ्यात मागून एक म्हातारा पॉलिशवाला ओरडला, "बाई, जिंदगीभर धूळच खाल्ली ना आमी. आता तुमीबी धूळच चारून राहिल्या काय?" सगळे हसले. कुणी नाव देईना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही पॉलिशच्या चाकावरून घरी यायचात, भुवयांवर धूळ, रुमालात काळी थुंकी. डॉक्टर म्हणाले टीबी. गोळ्या संपल्या, खोकला राहिला, पुन्हा गोळ्या. धुळीबद्दल कुणी विचारलंच नाही. मी तेव्हा कॉलेजात, जयंतीच्या मंडपात समतेवर टाळ्या घेणारा. घरी येऊन मीच मोरीजवळच्या कोनाड्यात तुमच्यासाठी जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, पेला वेगळा ठेवला. गावच्या हॉटेलात आपल्या लोकांचा कप बाहेर ठेवतात म्हणून तिथला चहा ज्यांनी आयुष्यात कधी तोंडाला लावला नाही, त्यांच्यासाठी. आई म्हणाली, "कायले रे? त्यायले का वाटन?" तुम्ही रागावला नाहीत. "राहू दे. पोरगा शिकलेला हाये," एवढंच म्हणालात. पाणी प्यालात, पेला स्वतः धुतलात आणि पुन्हा तिथेच उपडा ठेवलात.

काल मी उठलो आणि नेहमीची गोष्ट सांगितली. माझ्या बाबांचा पेला लोकांनी वेगळा केला, मी मात्र त्याच पेल्यातून पाणी प्यालो. आजार धुळीचा आहे हे तेव्हा कळलं असतं तर कुणीच तो वेगळा केला नसता. वर्षानुवर्षं हेच सांगत आलो आहे. तो म्हातारा सगळ्यांत आधी उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुह्यासारखा पोरगा पाह्यजे गा," आणि बाईंना नाव देऊन आला. त्याच्यामागे रांग लागली. त्या रांगेसाठी माझी गोष्ट माफ करावी असं दिवसभर स्वतःला सांगतो आहे, पण तो हात खांद्यावरून जात नाही. आई गेल्यापासून खरं माहीत असलेलं दुसरं कुणी उरलं नाही.

पुढच्या सभेत खरं सांगेन, असं लिहायला बसलो होतो. लिहवत नाही. हा कागद पाठवायचा तरी कुठे. तुम्ही गेल्यावर एकदा तो पेला भरून तोंडापर्यंत नेला होता, बाबा. ओतून दिला.