पुढच्या भिंतीवरचं उष्टं सफरचंद

शनिवार, १ फेब्रुवारी

यंदाही खांबामागेच जाणार माझं चित्र! तीन आठवड्यांवर चित्रवर्गाचं प्रदर्शन, आणि दारातून शिरल्याबरोबर दिसणारी पुढची भिंत एकच. गेल्या वर्षी तिथे दातांच्या डॉक्टरांचं कलिंगड लागलं. माझी फुलं खांबामागे, आग विझवायच्या नळकांड्याशेजारी. नळकांडंच जास्त उठून दिसत होतं.

आज सर माझ्या चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले. "बाई, किती जातींची फुलं आहेत ही! आणि सगळी एकदम बोलतायत." मग जाऊबाईंच्या चित्रापाशी गेले. "सुबक आहे. पण पाहून झालं की संपलं."

ते दुसरं ऐकून मला पहिल्याचं दुःख उरलं नाही.

जाऊबाई आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात. मोठे दीर गेल्यापासून एकट्याच. पूर्वी दिवसातून चारदा जिन्यातून हाक यायची — "धाकटे, आहेस का गं?" गेल्या प्रदर्शनात त्या माझ्या चित्राला चारचौघांत 'भाजीबाजार' म्हणाल्या. मी त्यांच्या चित्राला 'भूमितीची वही' म्हणाले. झालं! वर्षभर अबोला. मी जिना चढलेली नाही. वर्गातही आमच्यामध्ये दातांचे डॉक्टर बसतात.

सोमवार, ३ फेब्रुवारी

दुपारी जाऊबाईंचा टॉवेल आमच्या गॅलरीत पडला. प्रत्येक कपड्याला दोन चिमटे लावणारी बाई! मनात म्हटलं, हल्ली लक्ष नाही यांचं. नुसता ठेवून यायचा म्हणून वर गेले. दार लोटलेलं. पूर्वी दुपारी दोन-दोन कड्या असायच्या. त्या आत भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या.

बाहेर टेबलावर मांडणी. बरोब्बर मधोमध फुलदाणी, तीन पांढऱ्या शेवंत्या, डावीकडे एक सफरचंद, उजवीकडे एक सफरचंद. टेबलक्लॉथला इस्त्री! शेजारी ईझलवर चित्र, तेही तसंच.

माझे हात शिवशिवले. फुलदाणी अर्धी फिरवली — मागची वाळकी पानं पुढे. आणि पळाले. उद्या हे नीट करता करता वेळ जाईल, चित्र मागे पडेल. हा माझा डाव!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नीट केलंच नाही! वाळकी पानं चित्रात उतरलीत, देठासकट. विसरलेच होते — समोर दिसेल ते आणि तेवढंच काढायचं, हा त्यांचा खाक्या. उद्या टेबलावर म्हैस बसली तरी म्हैस काढतील.

मग मी टेबलक्लॉथ एका कोपऱ्यातून खाली ओढला. चांगली मोठी सुरकुती पडली. शेवंतीच्या चार पाकळ्या सांडल्या.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सुरकुती चित्रात काढलीय. पाकळ्याही.

आज रागाने उजवीकडचं सफरचंद उचललं, करकचून एक घास घेतला आणि जागेवर ठेवून दिलं. काढा आता!

(गोड होतं.)

शनिवार, ८ फेब्रुवारी

त्यांनी काढलं. घास घेतलेली जागा तांबूस पडलेली, तीसुद्धा.

सर खुर्चीवरून उठले. "हे बघा सगळ्यांनी! आता कळलं फुलांचं चित्र उठून कशाने दिसतं? फुलांनी नाही! कोणीतरी आत्ता इथे होतं आणि आत्ताच उठून गेलं, असं वाटतंय. कोण होतं ते बघायला माणूस थांबतो."

मी होते! मी! ओरडावंसं वाटलं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा. जाऊबाई ब्रश धूत होत्या. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मीही घरी टेबलक्लॉथ ओढला, पाकळ्या टाकल्या, सफरचंद चावून ठेवलं. काढलं. अगदीच नाटकी! मुद्दाम टाकलेली पाकळी मुद्दाम टाकल्यासारखीच दिसते. आपण कुठे गेलेलो नाही, इथेच बसलोय, हे सफरचंदालाही माहीत.

हे मागे येऊन उभे राहिले. "छान आहे. पण कोबी कशाला काढलास?"

डेलिया होता तो.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सरांनी जाहीर केलं. पुढची भिंत — जाऊबाई. मी खांबामागे.

अंगाचा तिळपापड झालाय. सगळं मी केलं आणि भिंत त्यांना! आणि खरं सांगायचं, नुसता राग नाही. त्या तीन दुपारांची पाच-पाच मिनिटं मला आवडली होती. त्यांच्या घराचा तो साबणाचा वास, घड्याळाची टिकटिक. आता वर जायला कारण नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

प्रदर्शन सुरू झालं. पुढच्या भिंतीपाशी ही गर्दी! एक आजोबा चष्मा पुसून पुसून बघत होते. "घास घेऊन गेलं कुठे हे माणूस?" म्हणाले. माझ्या चित्रापाशी नळकांडं तपासायला आलेला माणूस तेवढा थांबला.

मग हे त्या सफरचंदाजवळ नाक नेऊन उभे. उभेच. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हस बघू."

"आता इथे कशाला?"

"हस गं."

हसले. माझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे. लग्नात सासूबाईंनी नाक मुरडलं होतं ती. आणि चित्रातल्या सफरचंदात घासाच्या बरोब्बर मधे एक बारीकशी उभी कड. फटीत राहिलेली! त्या बाईने तीसुद्धा सोडली नाही!

म्हणजे त्यांना माहीत आहे. पण कधीपासून? समोरून जाऊबाई येताना दिसल्या आणि मी सरळ खांबामागे लपले. माझ्या चित्राला पहिल्यांदाच सोबत मिळाली.

चित्रांच्या नावांच्या पट्ट्या सर उद्या लावणार आहेत.

रविवार, २३ फेब्रुवारी

पट्ट्या लागल्या. माझी — 'विविध फुले'. त्यांची — 'धाकटी आली होती'.

दुपारी घरी आले तर गॅलरीत पुन्हा त्यांचा टॉवेल. दोन्ही चिमट्यांसकट.