गोठ्यातले पेव

जानेफळ,
चैत्र वद्य ५, शके १८६५

चि. नीळकंठ,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. घरी ठीक. तांबडी गाय व्याली, कालवड झाली.

तुझे पत्र पोचले. "दादा, धान्य देशाचे आहे, कुणाला किती द्यायचे ते सरकार ठरवील." ठरवू दे. शहरात लोक उपाशी आहेत, हे मलाही कळते. पण तुम्हा सरकारी कारकुनांच्या कागदावर खाणाऱ्या तोंडांचा रकाना आहे, हुकलेल्या पावसाचा नाही. संवत छप्पनच्या दुष्काळात माणसे पाला खाताना पाहून बाबांनी गोठ्यात ते पेव खणले. त्यातली ज्वारी गावाच्या वाईट सालासाठी होती. तुम्ही एका दुपारी ती गाड्यांत भरून नेली. उद्या पाऊस आला नाही, तर गावाने तुझा कागद शिजवावा काय?

पेव कुठे आहे हे तिघांनाच ठाऊक होते. मी सांगितले नाही, तुझ्या वहिनीने सांगितले नाही.

तुझ्या साहेबाने विचारले तेव्हा मी मारुतीची शपथ घेऊन पेव रिकामे आहे म्हणालो. हेही लिहून ठेव तुझ्या कागदावर. तोंडावरची शिळा उचलली, आत अंधार आणि ज्वारीवर झाकलेला कडबा. साहेब म्हणाला, "लिंबाजी, उतर बे, पाहून ये."

भरलेले पेव उघडले की दिवसभर तसेच ठेवायचे, मग कंदील सोडायचा, विझला तर उतरायचे नाही. आतल्या वाफेने माणूस जागीच मरतो. लिंबाजी शहरातला शिपाई, त्याला काय माहीत? तुला माहीत होते. तू साहेबामागे वही छातीशी धरून जमिनीकडे पाहत राहिलास. लिंबाजीचा एक पाय आत गेला तरी.

आणि मी बोललो असतो तर ज्वारी जात होती.

तुझी वहिनी मनकर्णा चुलीपासून धावत आली. "अरे बापा, उतरू नको, मरशील! भरेल हाय थे!" मग आपल्याकडे वळून, "तुमी दोघं भाऊ गप काऊन उभे?"

तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरती बोलते. मारुतीपुढे दिवा लावतो, मान वर होत नाही. तू नोकरीपायी गप्प राहिलास, मी ज्वारीपायी. म्हणून तुझ्यावरचा माझा राग कमी झाला असे समजू नकोस.

अक्षय्यतृतीयेला, आपल्या अखजीला, येऊ नकोस. बाबांच्या नावाची घागर यंदा मी भरणार नाही, तूही नाही. मनकर्णा भरील.

तुझ्यासारखाच,
त्र्यंबक