शौकीची मूठ

अलेक्झांड्रिया, ९ मार्च

प्रिय हिल्मी,

दमनहूरला तुम्ही सगळे खुशाल असाल. माझा गुडघा सोडला तर इथेही ठीक आहे. वारा पडला, होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या.

पालिकेने आपल्या गल्लीतल्या इमारती उंदरांसाठी तपासायला घेतल्या आहेत. त्यांच्या माणसाने टॉर्च घेऊन गटार, जिन्याखालची अडगळ, कचऱ्याचे डबे पाहिले. खाली काही निघालं नाही. मग तो गच्चीवर गेला. नंतर जिन्यात लावलेली नोटीस बायकांना मीच वाचून दाखवली. जुन्या वर्तमानपत्रांवरून अक्षरं शिकले, ती अशी कामी आली. तिच्यात लिहिलं होतं, गच्चीवरच्या माझ्या कबुतरखान्याखाली उंदरांची बिळं आहेत. गुरुवारपर्यंत कबुतरं आणि खुराडी हलवली नाहीत, तर पालिकेची माणसं सगळं पाडतील आणि दंड सगळ्या भाडेकरूंना.

शेजारची उम्म वाईल म्हणाली, "कबुतरं तुझी आणि उंदीर आमचे. वाटणी झकास केलीस, बाई." मग तीच झाडू घेऊन वर आली.

तपासनीस बिचारा सभ्य होता. "हज्जा, दाणे किती टाकता?"

"नेहमीइतकेच."

"मग इतके उरतात कसे?"

त्याला काय सांगणार? शौकी एक मूठ टाकायचा, मी एक. तो गेल्यापासून मी निम्मी कबुतरं देऊन टाकली. मुठी मात्र अजून दोनच टाकते. पहिली त्याची.

तुम्ही दोघे समोरासमोरच्या गच्च्यांवर कबुतरं उडवायला फडकी फिरवत उभे असायचात, ते आठवतं. तू ओरडायचास, "शौकी, ही कबुतरं आहेत की कोंबड्या?" तो म्हणायचा, "कोंबड्या अंडी तरी देतात. तुझी काय देतात?" अख्खी गल्ली मान वर करून हसायची. मी खाली चहा ठेवायचे. तो निवायचा, पण तुम्ही उतरायचा नाहीत.

मग तुझी करडी मादी आमच्या गच्चीवर उतरली. धरेल त्याचा पक्षी, ही तुमचीच रीत. शौकीने तिला ठेवून घेतलं आणि तू बोलणं टाकलंस. पुढे घरही बदललंस. त्याच्या दफनाला आलास, पण दुखवट्याची कॉफी न घेताच गेलास. मी पाहिलं होतं.

एक तुला ठाऊक नाही. शौकीने करडीला कधी उडवलंच नाही. "हिल्मीकडे गेली तर?" असं मी चिडवायचे. तो म्हणायचा, "गेली तर बरंच होईल." पण तिच्या खुराड्याचं दार काही उघडायचा नाही.

उद्या टेम्पोतून सगळी तुझ्याकडे पाठवते आहे. दुसरं कोण सांभाळेल? मोठी कबुतरं नव्या जागी लगेच रमत नाहीत, हे तुला मी काय सांगावं. तिथे पिल्लं होईपर्यंत त्यांचे पंख दोऱ्याने बांधून ठेव.

करडीचे बांधू नकोस. तिला जायचं तिथे जाऊ दे. इकडे आलीच, तर गच्ची रिकामी असेल, मी तिला खिडकीत घेईन. मग पालिकेची माणसं यायच्या आत तिला न्यायला तू ये. टेम्पोवाल्याला पाठवू नकोस.

चहा माझ्याकडून अजून दोन पेल्यांचाच होतो.

तुझी वहिनी,
इन्साफ