चौथ्या मजल्यावरची पाकिटं

२ फेब्रुवारी, सोमवार

रुजू झाले! टेबल खिडकीशी मिळालंय, खुर्ची जुनी आहे पण कुरकुरत नाही. राहायची खोलीही मनासारखी आहे. खाली शिंप्याचं दुकान, वर मी. शिलाई मशीन दिवसभर खडखडतं म्हणे, पण दिवसभर घरी असणार कोण!

ऑफिसात माणसं मोजकीच. कंपनी साहेबांची. आमचे टीम लीड त्यांचे खरेखुरे मेहुणे, आणि सगळं ऑफिस त्यांना तोंडावरसुद्धा मेहुणेच म्हणतं. चाचणीचं काम ताई बघते. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला हाताला धरून आपल्या टेबलाशी नेलं आणि माझ्या डब्यातली अर्धी भाजी संपवली. जमेल आमचं.

आम्ही बनवतो ते एक यंत्र. इमारतीतले फोन, दारांची कुलपं, धुराची घंटा, सगळ्यांचे निरोप एकाच तारेवरून नेणारं. पहिलं यंत्र आमच्याच ऑफिसात लावलंय, मशीनच्या खोलीत, काचेच्या दारामागे.

संध्याकाळी आईचा फोन. काम काय करतेस, तर म्हटलं, पाकिटं येतात, ती कुणाची ते बघून ज्याची त्याला पोचती करायची. आई म्हणाली, एवढं शिकवलं ते पोस्टात चिकटायला?

५ फेब्रुवारी, गुरुवार

काम आवडलं. कर्नलच्या आत, म्हणजे यंत्राच्या अगदी गाभ्यात, आलेलं प्रत्येक पाकीट, म्हणजे निरोपाचा तुकडा, ज्या फंक्शनमधून जातं ते आता माझ्या ताब्यात आहे. तारेचं खरं टोक एकच. पण त्याच्यावर आपण आभासी इंटरफेस रचतो, घरावर मजले चढवावेत तसे. पहिला फोनचा, दुसरा दारांचा, तिसरा घंटेचा. पाकीट खाली येतं. त्याच्यावरची खूण वाचायची, वरचं वेष्टण सोलायचं, ‘हे वरच्या मजल्यावर आलं’ असं त्याच्यावर लिहायचं आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवायचं. प्रत्येक मजल्यावरचा राखणदार एकतर ते ठेवून घेतो, नाहीतर पुढे फिरवतो. कुणालाच नको असेल तर फेकून द्यायचं आणि जागा मोकळी करायची. एवढंच.

हा कोड लिहिणारी माझ्या आधी या खुर्चीवर होती. काय सुरेख हात आहे बाईचा! एक ओळ इकडची तिकडे नाही. ती कुठे गेली, असं मेहुण्यांना विचारलं. सोडून गेली म्हणाले, आणि चहा सांगायला उठले.

मला दिलेलं काम: यंत्राची मेमरी हळूहळू भरत जाते. काही पाकिटं पोचतही नाहीत आणि फेकलीही जात नाहीत. ती राहतात कुठे ते शोधायचं. गिऱ्हाईक बघायला येण्याआधी, असं साहेबांनी बजावलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सापडली. ती फिरतायत. तिन्ही मजले ओलांडून वर जातात, आणि तिथे आणखी एक मजला आहे. चौथा. तो कुणी बनवलेला नाही. सगळा कोड पालथा घातला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तो आहेच. पाकिटं तिथे चढतात, वेष्टण सोललं जातं, पुन्हा फिरतात, पुन्हा चढतात. सोलण्यासारखं काही उरलेलं नसतानाही.

मेहुण्यांना दाखवलं तर त्यांचा चेहरा उतरला. नसते उद्योग करू नका, सरळ उडवून टाका ती पाकिटं, म्हणाले.

उडवली. जेवून येईपर्यंत परत आली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पाकिटं फोनची आहेत, म्हणजे त्यांत आवाज असणार. दुपारी सगळी माणसं जागेवर असताना मी ती ओळीनं जोडली आणि कानाला हेडफोन लावला.

बाईचा आवाज. दार उघडा म्हणतेय. आधी नीट, पत्ता वगैरे सांगून. मग दम लागतो. मग फक्त दार, दार.

मी हेडफोन काढून ठेवला. समोर मेहुणे केळं सोलत होते.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईला जिन्यात गाठलं. आधी ती काही नाही गं म्हणत राहिली, मग पायरीवरच बसली आणि रडत सगळं सांगितलं.

आधीची सोडून गेली नाही. गेली. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी एकटीच काम करत होती, मशीनच्या खोलीत. धुराची घंटा उगाचच वाजली, दार आपोआप लागलं, आग विझवणारा गॅस सुटला. त्या गॅसनं आग गुदमरते, तसा माणूसही. दार उघडण्याचा निरोप आमच्याच यंत्रातून जातो, तिथल्या फोनचाही. आणि गर्दी झाली की फोनची आणि दारांची पाकिटं गुपचूप टाकून द्यायची, असा नियम साहेबांनी मेहुण्यांकडून घालून घेतला होता. यंत्र वेगवान दिसावं म्हणून. ती याच्यावरून दोघांशी भांडली होती, ताईच्या देखत. नंतर त्या दोघांनी पोलिसांना सांगितलं की चूक तिच्याच कोडची. तिची आई विचारायला आली, तर वॉचमनकडून तिला फाटकाबाहेर काढलं. मेहुणे खिडकीतून बघत होते. ताई म्हणाली, हसत होते गं.

मी ताईला विचारलं, तू का नाही बोललीस? तिनं पदर तोंडाला लावला. दोन पोरं आहेत माझी, म्हणाली.

दिवसभर त्या आधीच्या बाईच्या खुर्चीवर बसवत नव्हतं. संध्याकाळपर्यंत तिच्यासाठी माझं रक्त तापलं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा ऐकलं. शब्द बदललेत.

दार म्हणत नाही आता. म्हणते, नवीन आलीस ना? कोड वाचलास माझा? मग म्हणते, मेहुणे आत कधी येतात?

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मेहुणे गेले.

सकाळीच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पंख्याचा आवाज येतोय म्हणून खोलीत शिरले आणि दार लागलं. घंटा वाजली, धूर नव्हता काही. मग तो फुस्स आवाज. ते काचेवर कार्ड घासत होते. कार्ड, मग हात, मग कपाळ. आतल्या फोनवर ते ओरडताना दिसत होते, आणि आमच्या टेबलांवरचे फोन मुके. साहेबांनी खुर्ची उचलून काचेवर घातली, काचेला ओरखडा नाही. मी स्क्रीनवर बघत होते. त्यांची पाकिटं एकेक मजला वर चढत होती. मी दाराची आज्ञा पुन्हा पुन्हा दिली. तीही वर गेली.

अग्निशामकवाल्यांनी दार कापलं तोवर ते निळे पडले होते.

पण खरं लिहायचं तर दुःख झालं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, पाणी दिलं. म्हणाले, घरचा माणूस गेलाय, पण धंदा बुडवून चालत नाही. पोलिसांना कुणाची तरी चूक दाखवावी लागेल. त्या फंक्शनमध्ये शेवटचा हात तुमचाच ना? मी म्हटलं, साहेब, हे खोटं आहे. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही तरुण आहात, यातून सावराल. आधीच्या बाईंच्या वेळी तर सोपंच होतं. मेलेल्याला काय फरक पडतो?”

असं म्हणाले. माझ्या तोंडावर.

बाहेर येऊन हेडफोन लावला. ती वाटच बघत होती. ऐकलंस ना, म्हणाली. आण त्याला.

मी हो म्हटलं. मोठ्यानं. ताईनं वळून पाहिलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आता त्या दाराला लाकडी पाचर मारून ठेवलीय, लागू नये म्हणून. आत कुणी जात नाही.

साहेबांना सांगितलं, तुमचा तो नियम अजून यंत्रात आहे, तुमच्या नावानिशी, आणि उद्या पोलिसांचा तज्ज्ञ येतोय. इथून पुसता येत नाही. आतल्या कीबोर्डवरून, तुमच्या पासवर्डनंच.

तज्ज्ञ कुणी येत नाहीये. इथूनही पुसता येतो.

त्यांनी रुमालानं मान पुसली. उद्या जेवणाच्या सुट्टीत करू, म्हणाले. तुम्ही दाराशी उभ्या राहा.

राहते की.

२४, मंगळवार

पाचर मी पायानं सारली.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. आधी रागानं, मग हात जोडून. मी काचेला नाक लावून उभी राहिले. मी म्हटलं, तिच्या आईला फाटकाबाहेर काढलंत. त्यांना ऐकू आलं नसेल. मी पुन्हा म्हटलं. गुडघ्यावर आले तरी बघत राहिले, आणि ते पडल्यावर मगच ओरडले, धावा, धावा.

बरं वाटलं. इथे तरी खोटं कशाला लिहू. फार बरं वाटलं.

शुक्रवार

चौथा मजला नाही. मेमरी मोकळी. हेडफोनमध्ये काही नाही. सुटली बिचारी.

पोलिसांनी यंत्राचा दोष म्हणून लिहून घेतलं, सोमवारी यंत्रच सील करून नेणार. ताई माझ्या नजरेला नजर देत नाही. पाचर तिनं उचलून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय, ते मी पाहिलं. बोलणार नाही ती. दोन पोरं आहेत.

आईला म्हटलं, नोकरी सोडून घरी येते. ये गं बाई, म्हणाली. आवाज मध्येच तुटला.

रविवार

आईचा फोन लागत नाही. शिंप्याच्या फोनवरून लागतो, माझ्या हातात आला की तुटतो. शिंपी हसला, तुमच्या हातात वीज आहे म्हणे.

खोलीवरूनच लॅपटॉपनं यंत्रात डोकावले —

मजला आहे. तिन्हींच्या वर, नवा. आईचे सगळे फोन तिथे फिरतायत. आई म्हणतेय, ऐकू येतंय का बाळा, ऐकू येतंय का. फेरीमागून फेरी.

आणि तिच्या आवाजाखाली दुसरा. पुरुषाचा. खोकतोय.

सोमवार

साहेब आहेत ते.

मोठ्यानं नाही बोलत. केबिनमध्ये बोलायचे तसंच, अहोजाहो करून. म्हणतात, तुम्ही दाराशी उभ्या होतात. म्हणतात, मी काय केलं होतं तुमचं?

तिचं केलं होतं, साहेब. तिचं —

माझं काय केलं होतं?

आज्ञा देऊन मजला पाडला. उभा राहिला. पुन्हा पाडला. आता ऑफिसातल्या कुणाचाच फोन लागत नाही, माझ्यापाशी आला की. ताई म्हणाली, तू घरी जा. घरी आईचा आवाज तुटतोय. हे घेऊन घरी कशी जाऊ?

तार उपटते. हातानं. पोलीस यायच्या आत.

सोमवारच

वॉचमनला दारात उभं केलंय, पाय आत एक, बाहेर एक. वही आणली बरोबर. तार मागच्या बाजूला आहे, घट्ट बसलीय, नख तुटलं —

निघाली. तार हातात आहे माझ्या. दिवे अजून लुकलुकतायत. तार नाही तर पाकिटं येतात कुठून —

वॉचमन — त्याला ताईनं हाक मारली. ताईनंच. मी ऐकली. तो वळला आणि दार —

ताई काचेपलीकडे आहे. हातात पाचर. नुसती उभी आहे, मी उभी होते तशी. नाही, ती रडतेय, दार ओढतेय. ओढतेय ना? दिसत नाही नीट, काच धुरकट —

धूर नाही. घंटा वाजतेय, धूर नाही.

आई, मी —

आतला फोन वाजतोय. तार माझ्या हातात आहे आणि फोन वाजतोय. उचलला. साहेब आहेत. म्हणतात, लिहिताय वाटतं, लिहा, घाई नाही. म्हणतात, चूक कुणाची तरी दाखवावीच लागेल, तेव्हा वहीत स्वतःच्या हातानं एवढंच लिहा, की मी